अकरा मात्रांची चाल

ही चोरी होती. कुणीतरी, कधीतरी, दाराला कान लावून त्याची चाल ऐकली होती आणि उचलली होती. यशोधनला दुसरं काही सुचेना. अकोल्यात पाऊल ठेवून त्याला जेमतेम वीस मिनिटं झाली होती, आणि स्टेशनवरून जठारपेठेकडे निघालेला रिक्षावाला ती चाल गुणगुणत होता.

आधी ती त्याला ओळखूच आली नाही, कारण तो शहर बघण्यात गुंगला होता. आश्विनातलं ऊन इतकं कडक असू शकतं हे त्याला साताऱ्यात कुणी सांगितलं नव्हतं. तोंडाला रुमाल बांधलेल्या मुली स्कूटीवरून सुसाट जात होत्या, भर दुपारी कचोरीच्या गाडीला गराडा पडला होता, आणि माणसं भांडताहेत असं वाटावं इतक्या मोकळ्या आवाजात एकमेकांची खुशाली विचारत होती. हे शहर आपल्याला आवडणार, असं त्याच्या मनात येत होतं. मग त्याची बोटं व्हायोलिनच्या पेटीवर आपसूक मात्रा मोजू लागली, आणि अकरा मोजून झाल्यावर नेमकी सम आली तेव्हा हात जागच्या जागी थांबला.

"काय गुणगुणताय, दादा?"

"हे?" रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "बायकाइचं गानं आहे. घरी पोरी महिनाभर तेच म्हनून राह्यल्या, तं डोक्यात बसलं."

ती चाल त्यानं दोन वर्षं खपून बांधली होती. "तुझ्या हातून सगळ्यांचं वाजतं रे, तुझं काही वाजत नाही," असं गुरुजी एकदा सहज बोलून गेले होते, आणि त्या एका वाक्यापायी त्यानं नोकरी सोडली होती, त्यांचं घरही सोडलं होतं. अकरा मात्रा मुद्दाम घेतल्या होत्या, कारण त्या कुणाच्या ओठी सहजासहजी बसत नाहीत. चाल त्यानं कुणाला ऐकवली नव्हती, मोबाइलवर रेकॉर्ड केली नव्हती, कागदावरही उतरवली नव्हती. उद्या सकाळच्या बैठकीत ती पहिल्यांदा वाजणार होती. तीही आपली ठरली नाही तर पुन्हा गज हातात धरायचा नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं.

ज्यांच्याकडे तो उतरणार होता ते मोरोपंत निवृत्त शिक्षक, इथलं छोटंसं संगीत मंडळ तेच चालवत. चहा झाल्यावर, जरा तारा बघतो असं म्हणून, यशोधननं चालीची पहिली ओळ वाजवली आणि थांबला. आत डाळ निवडत बसलेल्या त्यांच्या पत्नी विमलताईंनी दुसरी ओळ म्हटली. त्यानं बांधली होती तशीच, शेवटी हळूच कोमल धैवतावर उतरणारी.

"भुलाबाईचं आहे ना हे, तुमच्याकडच्या हादग्यासारखं," त्या आतूनच म्हणाल्या. "माझी आई म्हणायची. तुम्ही कुठं शिकलात?"

"ही चाल माझी आहे," तो म्हणाला.

मोरोपंत हसले. "चांगली चाल कोणालाही आपलीच वाटते हो. तुमची आई इकडची का?"

"चिपळूणची. ती गात नाही." मग त्यानं विचारलं, "परवा मी अमरावतीला वाजवणार आहे. तिथं..."

"तिथंही म्हणतात," विमलताई म्हणाल्या. "जरा घाईनं म्हणतात, इतकंच."

खोलीत गेल्यावर त्यानं दार लावलं, खिडकी लावली. गज पेटीतच ठेवला आणि मुक्या तारांवर नुसती बोटं टेकवत दुसऱ्या ओळीचा शेवट बदलला. धैवतावर उतरण्याऐवजी ती आता एकदम तार षड्जावर झेपावत होती. आवाज मुळीच झाला नव्हता. बराच वेळ तो त्या शांततेकडे कान देऊन बसला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याला थोडं बरं वाटलं.

दिवेलागणीला गल्लीतल्या मुली आल्या. अंगणात ज्वारीच्या ताटांच्या खोपटात मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडले होते. मुलींना सोबत म्हणून आलेल्या शेजारच्या मैनाबाई पायरीवर टेकल्या. गाणं सुरू झालं, टाळ्या पडू लागल्या, बरोबर अकरा, आणि दुसरी ओळ संपताना पंधरावीस कोवळे आवाज एकदम तार षड्जावर गेले.

"दुपारी तुम्ही तिथं खाली उतरला होतात," तो विमलताईंना म्हणाला.

"मी? नाही हो. ते वरच जातं. लहानपणी तिथं माझा आवाज चिरकायचा, म्हणून तर पक्कं लक्षात आहे."

गाण्यानंतर खिरापतीचा झाकलेला डबा आला. आत काय आहे ते न बघता ओळखायचं, आणि कोणालाही ओळखू येणार नाही असंच काहीतरी घरच्या बाईनं करायचं, ही इथली रीत. पौर्णिमा नावाच्या चुणचुणीत मुलीनं डबा कानाशी हलवला आणि पहिल्याच फटक्यात "मुगाची बर्फी" म्हणून मोकळी झाली. मग ती यशोधनकडे वळली.

"दादा, आता तुमी काही झाकून आना. आमी ओळखतो."

त्यानं व्हायोलिन आणलं. मनात काहीही न ठरवता, कधीही न वाजवलेले पाच-सहा स्वर त्यानं अंधारात दगड भिरकावावा तसे काढले, आणि मध्येच गज उचलला.

"हे तं सोपं आहे," पौर्णिमा म्हणाली. मुलींनी पुढचं म्हटलं. तो गेला असता तिथंच त्या गेल्या, टाळ्यांच्या मात्रा बदलून, एकीचाही सूर न चुकता. त्यानं दुसरं काहीतरी काढलं. त्यांनी तेही पुरं केलं, आणि एकीनं तर म्हणता म्हणता जांभई दिली.

तिसऱ्या वेळी त्यानं गज तारेवर टेकवलाच नाही. नुसता मनात एक स्वर धरला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. मुली त्याच स्वरावरून गाऊ लागल्या.

गज त्याच्या हातातून गळून फरशीवर पडला. मुली थांबल्या नाहीत. मैनाबाई पायरीवरून उठल्या, त्यांनी गज उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"दमला असशील, बापू. ठेव हे पेटीत," त्या मायेनं म्हणाल्या. "तुयं पुढचं सारं पाठ आहे आमाले."