पांढऱ्या फांदीचा पेरू

मी बरकतपुऱ्यातल्या नामदेवरावांच्या अंगणातला एक जुना पेरू आहे. शेजारच्या खालाजान त्यांच्या दखनीत मला जाम म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देतो.

मित्रांनो, नामदेवरावांनी मला लावलं, वाढवलं आणि वर्षानुवर्षं माझे पेरू वाटून स्वतःचा लौकिक वाढवला. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, त्याच सुमारास माझ्या एका कोंबात घोटाळा झाला. टंकलेखनात एखादं अक्षर गळावं, तसा पेशी वाढताना हिरवा रंगच गळला. एक अख्खी फांदी पांढरीशुभ्र निघाली.

खालाजाननी भिंतीवरून विचारलं, “नामदेवसाब, जामकू सफेद दाग निकले क्या?”

परदेशी मालाला देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. घरोघरी केबल आलं होतं आणि साधा साबणही परदेशी असला तर पाहुण्यांना दाखवत.

“फॉरेन का है,” नामदेवराव गंभीरपणे म्हणाले.

झालं, बघ्यांची रीघ लागली. पेरू हिरव्या फांद्यांना लागत होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहीना.

मग वसाहतीत बागांची स्पर्धा जाहीर झाली. पांढरी फांदी उठून दिसावी म्हणून नामदेवरावांनी हिरव्या सगळ्या छाटल्या. मलाही आधी बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं? पण हळूहळू पांढरी पानं कडेनं करपू लागली. नामदेवराव पाणी वाढवत गेले आणि मी उपाशी राहत गेलो.

त्यांच्या पत्नी इंदुताई शाळेत शास्त्र शिकवायच्या. त्या माहेरहून परतल्या, मला पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्याही विसरल्या.

“अहो, पांढरं पान अन्न करत नाही. रांधणाऱ्यांना घालवलंत आणि पाहुण्याला पाटावर बसवून ठेवलंत.”

“पण स्पर्धा...”

“झाड राहिलं, तर फांदी राहील.”

उरलंसुरलं बळ एकवटून मी बुंध्यातून एक हिरवा कोंब काढला. स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांनी पांढऱ्या फांदीपुढे मान डोलावली, मग कोंबाकडे बोट दाखवलं. तेवढा काढा, म्हणाले, पहिला नंबर तुमचाच. नामदेवरावांच्या हातात कात्री होतीच. झाडांना श्वास रोखता येत नाही, पण त्या दिवशी मला जमलं.

नामदेवरावांनी कात्री इंदुताईंच्या हाती दिली.

“राहू द्या,” ते परीक्षकांना म्हणाले, “घरचा आहे तो.”

बक्षीस पलीकडच्या गल्लीतल्या प्लॅस्टिकच्या कारंज्याला गेलं.

मित्रांनो, पांढऱ्या पानांचं कौतुक जरूर करा. मीही करतो, माझीच लेकरं ती. फक्त कात्री उचलण्याआधी एवढं पाहा, की त्यांना जेवू कोण घालतं.