उघाडीला काजूचं तेल

माझी सासू बायजाबाई तोंडाची फटकळ, पण खोटं कधी बोलली नाही. त्र्याहत्तर सालच्या वैशाखात ओव्हरसियर कागद घेऊन पेणच्या खाडीकाठच्या आमच्या बांधावर आला, तेव्हा त्याने विचारायच्या आतच तिने सांगितलं, "व्हय, रंग मीच खरवडला."

बांधात उघाडी आहे. भरती आली की तिची लाकडी झडप मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते. मागच्या ठेकेदाराने ओल्या लाकडावरच चकचकीत रंग फासला. ओल आत कोंडली, रंगाला फोड आले, फोडांखालून किड्याने फळ्या पोखरल्या. उधाणाचं पाणी आत घुसलं आणि दोन वर्षं आमच्या शेतात भाताऐवजी मीठ फुललं. यंदा नवी झडप आली तीही ओलीच, वर तोच हिरवा रंग! सासूने अर्ज दिला, तो कुणी वाचलासुद्धा नाही.

मग शिवाभावोजींना हाताशी घेऊन आम्ही उघाडीचं तोंड मातीच्या पोत्यांनी बुजवलं, झडप उतरवली, रंग खरवडला. महिनाभर ती उन्हात वाळवली, काजूच्या टरफलांच्या तेलाचे तीन हात दिले आणि परत बसवली. ते तेल कातडी जाळतं. आमच्या बोटांची सालं निघाली.

"सरकारी मालाची नासधूस आहे ही," ओव्हरसियर म्हणाला. "चूक झाली, पुन्हा हात लावणार नाही, असं लिहिलंय. अंगठा द्या, नाहीतर झडप काढून नेतो."

"घे की, बाबा."

सासूने अंगठा शाईत बुडवून दाबला. नुसता डाग. दुसरा दाबला. एक रेघ उमटली असेल तर शपथ.

"हा कोण मानणार?" तो वैतागला. "घरात सही कुणाला येते?"

"माझ्या सुनेला. मालू, ये गो."

मी चौथी शिकलेली. त्याचा मजकूर मोठ्याने वाचला आणि त्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'लाकूड ओलं होतं. तेल आम्ही लावलं, दर वर्षी लावणार.' सही ठोकली. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. 'परवा अमावास्येचं उधाण आहे. झडप मी नेत आहे, आत येणाऱ्या पाण्याला मी जबाबदार.'

"करा सही," मी म्हटलं. "आन् न्या झडप."

त्याची बोटं धडधाकट होती. सहीही झोकदार येत असणार. त्याने केली नाही.