तिसरं नाव

वेदरलीला युनिव्हर्सिटी म्हणायचं ते कागदोपत्री. चारी बाजूंना मका, मधे विटांच्या काही इमारती, एक चॅपेल आणि एक पाण्याची टाकी. शेजारच्या श्रोडरच्या गोठ्यात जितक्या गाई होत्या तितकी मुलंसुद्धा इथं नव्हती, आणि ही गोष्ट श्रोडर चर्चच्या प्रत्येक जेवणात नव्यानं ऐकवायचा. तरी लांबलांबचे आईबाप आपली पोरं या मक्यात आणून सोडत. का, तर इथं पोराला नावानं ओळखतात.

ते खोटंही नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी, वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, नवी मुलं चॅपेलसमोर आडनावांच्या क्रमानं रांग लावत आणि प्रेसिडेंट आर्विड लिंडक्विस्ट दारात उभा राही. हातात कागद नाही, कानाशी सांगणारं कुणी नाही. पोराचा हात हातात घ्यायचा, नाव घ्यायचं, मग पोरानं उंबरा ओलांडायचा. आर्विड सगळा उन्हाळा मागच्या पडवीत फोटो घेऊन बसायचा आणि नावं घोकायचा. चॅपेलच्या दारात आया रडायच्या, बाप उगाच घसा खाकरायचे. विश्वस्तांना फुकटची जाहिरात मिळायची, म्हणून तेही डोळे पुसायचे.

इतकी वर्षं न चुकलेला हा माणूस पहिल्यांदा अडला तो एका लाल केसांच्या, आडव्या खांद्याच्या मुलासमोर. पोरगा पलीकडच्याच तालुक्यातला, शेतकऱ्याचा, ट्रॉम्बोन वाजवणारा. हे सगळं आर्विडला आठवत होतं. फक्त नाव नव्हतं. दात पडला की जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागी जाते, तसं त्याचं मन तिथं जाऊन परत येत होतं. शेवटी पोरानंच हसून नाव सांगितलं. आर्विडच्या कानावर ते पडलं आणि तिथल्या तिथं नाहीसं झालं. तो नुसतंच म्हणाला, "ये, आत ये." माणूस आहे, चुकायचाच, असं म्हणून लोकांनी ते हसण्यावारी नेलं.

त्यानंतर त्यानं आपल्या सेक्रेटरीला, ओपलला, ते नाव किती वेळा विचारलं असेल याला सुमार नाही. ती सांगायची, आणि ती पाठ फिरवेपर्यंत ते गेलेलं असायचं. मग ऑक्टोबरात बॉयलरच्या खर्चावर मीटिंग चालू असताना ते आपोआप जिभेवर आलं. "वेंडेल प्रूट!" आर्विड मोठ्यानं म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज विरतो न विरतो तोच शेरीफ दारात आला. वेंडेल सुगीला बापाच्या मदतीला घरी गेला होता आणि घराएवढ्या कणगीत उतरून सरकत्या मक्यात बुडाला होता. किती वेळ झाला म्हणून विचारलं, तर आत्ताच, शेरीफ म्हणाला, आत्ताच वर काढला.

एकदा झालं तर माणूस योगायोग म्हणतो. दोन वर्षांनी दारात मारिसोल इबारा उभी राहिली आणि तिचं नाव असंच गेलं. या खेपेला आर्विडनं कुणाला विचारलं नाही. ते परत येऊ नये म्हणून तो जपत राहिला, त्या मुलीशी बोलताना मन दुसरीकडे लावायचा. जानेवारीत न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना नाव आलं. गळ्याभोवतीचं कापड तसंच घेऊन तो रस्त्यावर धावला, पण धावून कुठं जाणार होता? नदीच्या पुलावर बर्फावरून तिची गाडी तोवर घसरली होती.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. पोरं जपायची ज्याची नोकरी, त्यानं असलं काही बोललं तर लोक त्याला खुळ्यात काढतील आणि पोरं घरी नेतील. पोरं घरी नेतील याची भीती त्याला जास्त वाटली, हे मात्र त्याला नंतर फार लागलं.

आणि मग या वर्षी रांगेत त्याची स्वतःची नात उभी राहिली.

ती लांबूनच हसत होती. आजोबांना दुसरं कुणाचं नाही आठवलं तरी आपलं आठवणार, इतकी खात्री तिच्या चेहऱ्यावर होती. आठवायलाच हवं होतं. नाव आर्विडनंच ठेवलेलं, त्याच्या आईचं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्र्याच्या आधी तेच नाव मोठ्यानं घेऊन त्यानं सगळ्या चर्चला हसवलं होतं. तिनं हात पुढं केला. हनुवटीवरची खूण त्याला आठवली, ती सायकलवरून कुठं पडली तेही. तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं.

"आजोबा, मी आहे," ती कुजबुजली, आणि नाव सांगितलं. तो तिचा हात सोडेना. मागची रांग खोळंबली.

बायकोनं, बर्निसनं, घरी आल्यावर आधी चेष्टा केली आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी नातवंडांची नावं गेली, मग घरचा रस्ता, आणि शेवटी म्हातारी आपले बूट भट्टीत ठेवून ते भाजले का बघत बसायची. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आर्विड तर सत्तरी ओलांडून बसला होता. डॉक्टरला दाखवू या, बर्निस म्हणाली.

आर्विडला त्या क्षणी जो दिलासा वाटला तो सांगूनही कुणाला पटणार नाही. हे आपल्याला सुचलंच कसं नाही? आजार असेल! मेंदू झिजत असेल! तसं असेल तर त्या दोन पोरांचं मरण आणि त्याचं विसरणं यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि पोरगी सुखरूप होती. त्या दिवसापासून हा माणूस आपली बुद्धी जावी म्हणून प्रार्थना करू लागला. किल्ली सापडेना झाली की त्याचा चेहरा खुलायचा. मग कळायचं की ती बर्निसनंच हलवली होती. अर्ध्या वाटेत थांबून तो स्वतःला विचारायचा, मी कुठं निघालो होतो? आणि दरवेळी त्याला ते पक्कं ठाऊक असायचं.

एकदा तो आईच्या थडग्याशी गेला. तिथं तर नाव दगडात कोरलेलं होतं. पहिल्या अक्षरावर त्यानं बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. प्रत्येक अक्षर नीट वाचता येत होतं, पण पुढच्यावर गेलं की मागचं हातातून निसटत होतं. आडनाव मात्र एका दमात वाचलं. कापणीच्या यंत्रांची धूळ उतरत होती, पाखरंसुद्धा नव्हती. आपण आईलाही घालवून बसलो, असं वाटून तो तिथंच दगडाला टेकून रडला.

नात दर रविवारी जेवायला यायची. तिनं या सगळ्यावर आपल्या परीनं उपाय काढला होता. स्वेटरवर आपल्या नावाची चिठ्ठी टाचून यायची. "वाचा, आजोबा, परीक्षा आहे," म्हणायची आणि तो चिठ्ठीकडं बघून मान डोलवायचा. एका रविवारी बर्निस बटाटे काढायला उठली तेव्हा त्यानं विषय काढला.

"तू घरी जा. बापाला मी फोन करतो. या आठवड्यातच जा."

"तुम्हीच मला इथं ओढून आणलंत," ती म्हणाली. "बाबा म्हणत होते, सरकारी युनिव्हर्सिटीत घालू. तुम्ही काय म्हणालात? तिथं तू नुसता नंबर होशील."

"म्हणालो होतो."

"मग आता?"

"आता नंबर हो. पण इथनं जा."

ती हसली, मग तिला दिसलं की आजोबा हसत नाहीयेत. उठून तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला. "मला नाव नका घेऊ हवं तर," ती म्हणाली. "पोरी म्हणून हाक मारा. मी ओ देईन." पोराला, म्हणजे तिच्या बापाला, फोन केला तर तो आईशी बोलतो म्हणाला, आणि बर्निसनं त्याला समजावलं की बाबांचं ते तसं झालंय, मनाला लावून घेऊ नकोस.

डॉक्टरांची तारीख ऑक्टोबरात मिळाली, ऐन सुगीत. शहर दोन-अडीच तासांवर. निघायच्या आधी आर्विडनं नातीकडून वचन घेतलं. आज वर्ग नाही, गाडी नाही, शेताकडं जायचं नाही, शिडीवर चढायचं नाही. आम्ही येईपर्यंत आमच्याच घरात थांबायचं. बर्निसनं तिच्यापुढं सफरचंदांची टोपली ठेवली आणि म्हणाली, "म्हाताऱ्याचं ऐक आजचा दिवस. ॲपल पाय करून ठेव, आम्ही आल्यावर खाऊ." पोरगी पडवीत उभी राहून हात हलवत होती. मकाही नाही, पूलही नाही, स्वयंपाकघरापेक्षा सुरक्षित जागा कोणती, असं आर्विड वळणापर्यंत स्वतःला सांगत राहिला.

डॉक्टर तरुण होती, शांतपणे बोलणारी. तिनं त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून मधे भलत्याच गप्पा मारल्या आणि मग ते परत विचारले. डोक्याचे फोटो आधीच काढून झाले होते. आर्विडनं उत्तरं मुद्दाम चुकवायचं ठरवलं होतं, पण खरं कळायला हवं होतं म्हणून चुकवली नाहीत. शेवटी तिनं खुर्ची जवळ ओढली.

"आनंदाची बातमी आहे. तुमची स्मरणशक्ती तुमच्याहून वीस वर्षांनी लहान माणसाला शोभेल अशी आहे."

"पुन्हा बघा," आर्विड म्हणाला.

"बघितलंय. सगळं ठीक आहे."

"माझ्या नातीचं नाव मला येत नाही. काहीतरी असणारच. बारीकसं असेल. तुम्ही नीट बघा."

काळजीनं असं होतं कधीकधी, ती म्हणाली, एखाद्या जवळच्या माणसाचंच नाव अडतं, येईल आपोआप. येईल आपोआप, हे शब्द ऐकून आर्विड असा काही उठला की डॉक्टरनं त्याचा दंड धरला. माणसं इथं येऊन काही झालेलं नाही असं ऐकायला जीव टाकतात, आणि हा म्हातारा आजार द्या म्हणून हात पसरतोय, हे तिला नवीन असावं.

परतीच्या वाटेवर गाडी बर्निस चालवत होती आणि आनंदानं तिची बडबड थांबत नव्हती. तिनं तर आपल्या आईसारखं सगळं पुन्हा करायची मनाची तयारी केली होती, बूट कुठं लपवायचे तेसुद्धा ठरवलं होतं. दोन्हीकडं कापलेली शेतं होती, उरलेल्या मक्यातून यंत्रं फिरत होती. घराला फोन लावू का, आर्विडनं विचारलं. आत्ताच लावला होता दवाखान्यातून, बर्निस म्हणाली, ॲपल पाय भट्टीत गेलाय आणि पोरगी तुला कंटाळवाणा म्हणाली. ते ऐकून त्याला जरा बरं वाटलं.

"म्हणून दाखव," बर्निस म्हणाली. "या वर्षीची रांग. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्यासाठी."

"आत्ता?"

"आत्ता. वीस वर्षांनी लहान म्हणे! दाखव तरी."

त्याला नको होतं. पण तिनं एकटीनं काढलेले रडके दिवस त्याला ठाऊक होते, आणि तिला देण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. शिवाय रांग त्याला पाठ होती, मधे एका जागी पाय अडखळायचा तेवढाच. त्यानं खिडकीबाहेर बघत सुरुवात केली. ॲबटपासून तो सावकाश निघाला. दारात जसा एकेकाचा हात धरायचा तसा त्याचा हात मांडीवर आपोआप उघडत मिटत होता. बर्निस मान डोलवत होती.

"...रूथ कीनर, कोल लार्सन, लिनेआ लिंडक्विस्ट, ब्रिजेट मूडी..."

मूडीपाशी तो थांबला.

बर्निसनं गाडी कडेला घेतली. तिचे दोन्ही हात तोंडावर गेले होते. "म्हणालास," ती म्हणाली, "अरे, तू म्हणालास! नुसता घेत गेलास, अडलासुद्धा नाहीस."

आर्विडनं पुढच्या काचेतून घराच्या दिशेला पाहिलं. धुळीशिवाय तिकडं काही दिसत नव्हतं.

"परत म्हण," बर्निस रडत हसत म्हणाली. "एकदाच. मला ऐकू दे."

"लिनेआ," तो म्हणाला.

त्यानं क्षणभर वाट पाहिली, पण नाव या वेळी गेलं नाही.