पाच वेळा ‘का’

आमच्या विद्यापीठात फतवा निघाला: प्रत्येक विषयात मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मशीन डिझाइनलासुद्धा! मी निबंधात पप्पांच्या चाकणच्या कंपनीतली पद्धत वापरली. पार्ट रिजेक्ट झाला की मूळ कारण शोधायला तिथे एकामागून एक पाच वेळा ‘का’ विचारतात.

महिन्याभरानं लेखन तपासायला समिती वर्गात आली. आम्हाला शिकवणाऱ्या शिंगोटे सरांनी गठ्ठ्यातला सुबक अक्षराचा, त्यांनीच ‘तपासले’ असा शिक्का मारलेला निबंध उचलला. नेमका माझाच. मोठ्यानं वाचू लागले, “मुलं का लिहीत नाहीत? कारण कुणी वाचत नाही. का वाचत नाही? कारण शिक्का मारला की भागतं...”

सरांनी वाचणं अर्धवट सोडून घाईनं कागद मिटला. मला वाटलं, आता तरी कुणीतरी तिसरा ‘का’ विचारेल.

अध्यक्ष मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, “झालं? छान लिहिलंय. फाइलला लावा.”