आबांनी राखल्यालं डबल इंजिन

“त्या फॅनला हात लावलास तर मनगट जाग्यावर ऱ्हायचं न्हाई, सांगून ठेवतो!”

आबा काठी घिऊन विमानाच्या नाकासमोर हुबं हुतं. आबा म्हंजे माझं आजं, बिराप्पा. समोर इलियासभाई, सांगलीचं भंगारवालं, आन त्यांच्या मागं गॅस कटर घिऊन आल्यालं दोन गडी.

“मामा, मी कुटं हात लावतोय?” इलियासभाई म्हणालं. “दिग्विजय साहेबांनी इकलंय मला. फोन लावून देऊ का?”

“तुज्या फोनला काय करू? इमान चालू हाय.”

“चालू? टायरात वारं न्हाई. आत्ता शिटाखालनं मुंगूस पळालं!”

“मुंगूस आज आलं आसंल. इंजिन धड हाय. दर आयतवारी फॅन फिरवतोय मी. दोन्ही बी.”

त्यातला एक गडी खीः करून हसला. “म्हातारा इमान सुरू ठेवतोय रं, मेंढरं बसवून मुंबईला न्याय!”

मी त्येची कॉलर धरली. माझं असंच हाय. नववीत मास्तर आबांच्या मुंडाशावरनं काय तरी बोलला, मी बाक उलटा केला आन शाळा सुटली. पलूसच्या गॅरेजात मालकाबर वाजलं, हायवेच्या हॉटेलात वेटरबर वाजलं. दोनीकडनं घरी. म्हणून हितं माळावर हाय, आबांच्या संगट, मेंढरांत.

इलियासभाईंनी मला बाजूला वडला. माणूस चांगलाय, रागवत न्हाई.

“सूरज, ऐक गड्या. शिरवळला विमान दुरुस्ती शिकवायची शाळा निगालीया. त्यांना पोरांच्या हाताखाली द्यायला एक विमान पायजे. मी विचारलं, तर त्यांच्या मॅडम आज बघाय येत्यात. त्यांची अट एकच, दोन्ही इंजिनं फिरली पायजेत. जाम असतील तर त्यांना नको. मग मला कापायलाच लागतंय, माझा बी इलाज न्हाई.”

हे आबांनी ऐकलं. काठी खाली घेतली.

“मग येऊ द्या की मॅडमला,” ते म्हणालं. “बघू द्या हात लावून.” आन असं बसलं पंखाच्या सावलीला, जसा निकाल आदीच लागलाय.

मॅडम यायला दुपार हुणार हुती. गडी भाकरीची फडकी सोडून जेवाय बसलं. मी विमानात जाऊन बसलो.

आता बगणाऱ्याला काय दिसतंय? पांढऱ्याचं पिवळं झाल्यालं, काचा धुरकाटल्याल्या, पोटाखाली लेंड्या. पण मी ह्ये उडताना बगितलंय. नुसतं बगितलं न्हाई, मी बसलोय ह्यात.

दादासो साहेबांचं हुतं ह्ये. हळदीचं मोठं व्यापारी. माळावरची डांबरी पट्टी त्यांनीच केल्याली, आन ती राखायला आबांना ठेवल्यालं. पगार असा न्हाई. माळ चरायला मोकळा, वर पत्र्याची खोली. काम एकच, विमान यायच्या टायमाला पट्टीवर मेंढरू दिसता कामा नये.

आता विमान कवा येणार ह्ये आबांना कोण सांगणार? फोन हुता, पण आबा उचलायचं न्हाईत. मग विमान चालवणाऱ्या कॅप्टन इंद्रजित साहेबांनी रीत पाडली. पलूसच्या अंगानं आवाज यायचा. एका इंजिनाचा आवाज घरघर असतोय, ह्येचा न्हाई. दोन इंजिनं एका सुरात आली की भरून आल्यागत आवाज हुतो, छातीत वाजतो. मग कॅप्टन चाकं पोटात घिऊनच पट्टीवरनं खालनं एक फेरी मारायचं. त्यो आबांना निरोप. आबा घोंगडं उडवत पळायचं, “हुर्रर्रर्र, हुर्रर्रर्र,” कुत्रं त्यांच्या म्होरं, मेंढरं ह्या बाजूची त्या बाजूला. फेरी मारून परत येस्तवर पट्टी मोकळी. तवा चाकं खाली यायची, तीन, एक नाकाखाली आन दोन पंखाखाली. डांबराला लागली की च्यॅक, च्यॅक आन निळा धूर.

मुंबईला जायाला तास लागायचा म्हणं. आमच्या गावचा माणूस तवर एसटी स्टँडवर पेपर वाचून काडतो. आन उडाय लय जागा बी नको. पट्टी किलोमीटरभर, पण दोन्ही इंजिनं फुल केली की अर्ध्यातच चाकं सुटायची.

मी सहा वर्सांचा आसंन. एक दिस साहेब कुटं जायाचं न्हवतं, कॅप्टन नुसतं तपासायला उडवणार हुतं. त्यांनी आबांना हाक मारली.

“मामा, चला एक चक्कर.”

“मी आलो तर मेंढरं कोण बघंल?”

“दहा मिनटं कुत्रं बघंल की.”

“कुत्र्याला काय कळतंय, तुमी परत आल्यावर पट्टी मोकळी करायची त्ये? पोराला न्या.”

खरं सांगायचं तर आबा भ्यालं हुतं. पण मला नेलं.

सहा शिटा. म्होरं दोन, आन मागच्या चार समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागंल अशा. साहेब तिथं बसून मित्रांबर भडंग खायाचं, शेंगदाणं अजून शिटाच्या फटीत घावत्यात. मला म्होरं बसवलं, बूड उंच व्हावं म्हणून खाली कॅप्टननी बॅग ठेवली. कानाला जाड हेडफोन. मधी हँडल, दोन-दोनाच्या जोडीनं. ह्ये इंजिनाचं, ह्ये फॅनचं, ह्ये तेलाचं. प्रत्येक गोष्ट जोडीनं. काटं बी जोडीनं हालायचं, ह्येचा हालला की त्येचा हालला.

वर गेल्यावर माळ असा दिसला जसं कुणी पिठाचं ताट उपडं केलंय. मेंढरं लाह्या सांडल्यागत. आन कृष्णा! मला वाटायचं नदी सरळ जातीया. ती अशी वळवळत जातीया की तिला सांगलीला पोचायची घाईच न्हाई.

कॅप्टननी इचारलं, “भितोस का?”

“न्हाई.”

“मग गंमत बघ.” त्यांनी एक हँडल मागं वडलं. डावं इंजिन गप झालं. गप म्हंजे अगदी बंद न्हाई, पण त्येच्यातला जीवच काडून घेतला. विमान नाक फिरवून डावीकडं जाया लागलं, जसा एक बैल बसला की गाडी वळती. कॅप्टननी उजवा पाय दाबला, सगळा, मांडीची शीर दिसली. विमान सरळ झालं.

“एका इंजिनावर घरला जाता येतंय,” ते म्हणालं. “पण वर चढायचं म्हणशील तर ह्येचा जीव निघतो.”

उतरल्यावर मी सगळं आबांना सांगितलं. ते म्हणालं, “दोन असली की एक आजारी पडायला मोकळं हुतं.” आन मेंढरांकडं गेलं.

मग साहेब वारलं. त्यांचं पोरगं, दिग्विजय साहेब, पुण्याला, त्यांना विमानाचं काय न्हाई. कॅप्टन दुसरीकडं नोकरीला लागलं. जायाच्या दिवशी ते आलं, टाकी रिकामी केली, म्होरच्या काचंवर कापड बांधलं. डोळं लाल हुतं त्यांचं. उजव्या फॅनला हात लावून आबांना दाखवलं, “मामा, कवा तरी असं फिरवत जावा. दोन्ही. जाम हुणार न्हाईत.” आरती ओवाळतो तसा हात गोल नेला. एकदाच. आन गाडीत बसून गेलं.

तवापासनं आबांचा आयतवार ठरला. बिरोबाला नारळ, आन मग विमानाचं फॅन. पावसात, उन्हात, मेंढरं वाळव्याकडं उसाच्या रानात खताला बसाय गेली तरी आबा आयतवारी परत. मला लहानपणी वाटायचं बिरोबा आन विमान एकमेकाचं कोणतरी लागत्यात.

मॅडम आल्या. पल्लवी मॅडम, बारीक, पायात बूट, हातात हत्यारांची पेटी स्वतःच धरल्याली. आबांनी राम राम केला आन लांब जाऊन चहा ठेवला. जवळ हुबं ऱ्हायचं धाडस झालं न्हाई त्यांना.

मॅडमनी आदी उजवा फॅन हातात घेतला, हळू फिरवला. आत दाब लागला, फुस्स करून सुटला. परत लागला, परत सुटला. मॅडम हसल्या. “छान आहे की!”

मग डाव्याकडं गेल्या. हात लावला आन ह्येला उलट्या बाजूनं फिरवाय लागल्या. मी म्हणालो, “मॅडम, उलटं फिरवताय तुमी.”

“नाही. याची हीच बाजू.”

फॅन फिरला, दाब बी लागला. पण आतनं कट्ट असा आवाज आला, खडं वाजल्यागत. त्यांनी मागचं झाकण उघडलं, पाना लावला, मुठीएवढा एक पंप काडला. खोलला तर आतल्या काळ्या पट्ट्यांचं तुकडं झाल्यालं. भुगा त्यांच्या हाताला लागला.

“हे कुणीतरी उलटं फिरवलंय,” त्या हळूच म्हणाल्या. “खूप वेळा. हा पंप एकाच बाजूनं फिरतो, उलटा नेला की पट्ट्या तुटतात.”

मी दोन्ही फॅनकडं बगितलं. आन मग दिसलं. पातं एका अंगाला जाड असतंय, दुसऱ्या अंगाला धार. उजव्याचं जाड अंग एकीकडं, डाव्याचं बरोब्बर उलटीकडं. आरशात बगितल्यागत. चालू असताना फॅन दिसतोच कुटं? नुसती चकती दिसती. कुणाला कळणार एक असा फिरतोय आन एक तसा? मॅडम म्हणाल्या, मुद्दाम असतंय, दोन्ही एकाच बाजूनं फिरली तर विमानाला सारखी एकीकडं वड लागती.

आबांनी दोन्ही आरतीगतच फिरवलं. उलटं ओवाळायचं म्हंजे अपशकून. आमच्यात कोण करंल का असलं?

“कोणी फिरवलं?” मॅडमनी इचारलं.

“वाऱ्यानं,” मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडं बगितलं आन परत त्या पंपाकडं.

तवर आबा चहा घिऊन आलं. भुगा बगितला. “काय झालं?”

“डाव्या बाजूचा एक पंप मोडलाय, मामा,” इलियासभाई बोलून गेलं.

आबांचं तोंड उतरलं. मग माझ्याकडं वळलं. “तू! तू खेळला आसशील त्येच्यासंगट. शाळा नीट केली न्हाईस, एक काम धड टिकवलं न्हाईस, आन मी जपल्यालं बी मोडलंस व्हय रं? ज्येला हात लावतोस त्येचं वाटुळं करतोस!”

सगळ्यांसमोर. त्यो हसणारा गडी बी तिथंच.

“मी न्हाई मोडलं!” मी वरडलो. “तुमीच मोडलंय, आबा! इक्ती वर्सं उलटं फिरवलंय तुमी! डावा फॅन उलटा फिरतोय, इचारा मॅडमला!”

बोललो आन जीभ चावली. पण गेलं हुतं.

आबांच्या हातात चहाची किटली तशीच. मेंढरं बी चरायची थांबली असं मला वाटलं, थांबली नसतील. आबांनी किटली खाली ठेवली, जपून, सांडंल म्हणून. आन मॅडमकडं गेलं.

“खरं हाय का?”

मॅडमनी मान हालवली. “पण तुमची चूक नाही. दाखवणाऱ्यानं एकच दाखवला.”

“मग आता तुमाला नगं आसंल.”

मला तवा धरणीत जावं असं झालं. कारण अट मला बी ठावं हुती, आन आबांना बी.

मॅडमनी भुगा बोटावर चोळला. “इंजिन फिरतंय की, तेवढं बस. हा पंप फक्त समोरची काही काट्यांची घड्याळं चालवतो. आणि मामा, धड पंप मी पोरांना पुस्तकात दाखवीन. मोडलेला कुठून आणू? मी नेणार आहे विमान. अख्खं. कापायचं नाही.”

आबांनी मुंडासं नीट केलं. मग म्हणालं, “पोरांना माझं नाव नगा सांगू. मेंढरानं मोडला म्हणा.”

इलियासभाई असं हसलं की त्यांची टोपी पडली.

मग आबा डाव्या फॅनसमोर गेलं. “कसा, दावा.” मॅडमनी दावलं. आबांनी हात उलटीकडं नेला. पयल्यांदा हात थांबला मधीच, जाईना. इक्त्या आयतवारांची सवय. परत घेतला, नेला. दाब लागला, फुस्स झाला. मी न सांगताच उजव्याला जाऊन हुबा ऱ्हायलो आन माझा फिरवला. दोन्ही पाती वरनं एकमेकाकडं आली.

“बिरोबाच्या जत्रंत गजी नाचतो तसं हाय की रं,” आबा म्हणालं. “समोरासमोर.” आन मग खालच्या आवाजात, “इंद्रजित साहेबांनी एवढं सांगायचं हुतं.”

माझ्यावरचा राग गेला का न्हाई ठावं न्हाई. माझा मातर माझ्यावरच हाय अजून.

पंखांचं बोल्ट सोडाय दोन दिस गेलं. पंख वायलं, धड वायलं, सगळं ट्रेलरवर चढवलं. रस्त्यात लाइटीच्या तारा खाली आल्यात, त्या बांबूनं उचलाय एक माणूस वर बसाय पायजे. आबांनीच माझं नाव घेतलं. मॅडमला म्हणालं, “ह्येला घिऊन जावा. तोंड फाटकं हाय, पण नजर हाय.” मला म्हणालं, “तिथं कुणाची कॉलर धरू नगंस. बरं वाटलं तर ऱ्हा.”

मी ट्रेलरवर चढलो. तार येस्तवर आत, म्होरच्या शिटवर बसलोय आता. काचंचं कापड आबांनी सोडून घेतलंय, खोलीच्या दाराला लावायचं म्हणत्यात. मेंढरं पट्टीवर आल्यात सगळी, आन आबा त्यांना हाकलत न्हाईत, नुसतं बगत हुबं हायत. मला खाली उतरून त्यांना काय तरी—

ड्रायव्हर हॉर्न मारतोय. म्होरं लगीच पयली तार हाय. बांबू घ्याय पायजे, निगतो.