दहाव्या मिनिटानंतर

रुचिराने मांडीवरचा लॅपटॉप सरळ केला आणि पुसून टाकायच्या चित्रपटांची यादी पुन्हा वरून वाचायला घेतली. चारशे बारा नावं. उद्या सकाळी तिने मंजुरी दिली, की ती कायमची जाणार होती. सलग तिसरा रविवार कामात चालला होता आणि डोळे चुरचुरत होते.

घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या तिच्या कंपनीत ते साठवायच्या डिस्कची आखणी तिनेच केलेली. जुन्या चित्रपटांची पहिली दहा मिनिटं वेगवान डिस्कवर, बाकीचा भाग संथ, स्वस्त डिस्कवर. माणूस सुरुवातीत रमला, की तेवढ्यात पुढचं मागून येतं. वर्षभराचे आकडे मात्र सांगत होते, की दहा मिनिटांपुढे हे चित्रपट कोणी बघतच नाही; म्हणून ते पुसून जागा आणि पैसा वाचवायचं ठरलं. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणत साहेबांनी तिची पाठ थोपटली होती.

समोर तिचे बाबा, चंद्रप्रकाश, टीव्हीवर यादीतलाच एक चित्रपट बघत होते. गोरेगावच्या स्टुडिओत त्यांनी तीस वर्षं लाइटमन म्हणून काढली. रुचिराने मुद्दाम पडद्याकडे बघायचं टाळलं.

जरा वेळाने चित्र थांबलं आणि मधोमध चक्र फिरू लागलं. बाबांनी टीव्ही बंद केला.

"बंद का केलात? येईल ना आता."

"कसलं येतंय? पाच-पाच मिनटं नुसतं फिरत बसतं. सगळ्या जुन्या पिक्चरचं तेच आहे गो. दहा मिनटं झाली, की अडकलं."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष. पुढे हवेलीचा सीन आहे, त्याचं लायटिंग आमचं. तिथवर कधी पोचलोच नाही."

रुचिराने मांडीवरच्या यादीकडे पाहिलं. ऑफिसात तिने ही आखणी तपासली, तेव्हा त्या संथ डिस्कवरून चारच माणसं चित्रपट बघत होती. आता हजारो असतील, सगळी रांगेत ताटकळलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला ती निघाली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"मला बोलला का नाहीत, बाबा?"

"तूच बनवलंयस ना ते? एवढी दमून येतेस, त्यात मी कुठे नावं ठेवू?"

तिने साहेबांना फोन लावला.

"सर, उद्याची यादी थांबवा."

"का? आकडे चुकले की काय?"

"आकडे बरोबर आहेत, सर. पण दहा मिनिटांनी अडकलं म्हणून बंद करणाऱ्यांत माझे वडीलही आहेत."