समरवीरच्या बातम्यांचा फळा

मी बोलतोय, ओव्हाळांच्या भिंतीवरचा फळा. अंबरनाथच्या एमआयडीसीकडे जाणारा रस्ता जिथे आमच्या गल्लीला चिकटतो, तिथे पहिलंच घर सुदाम ओव्हाळांचं. त्या घराच्या बाहेरच्या अंगाला दोन खिळ्यांवर मी लटकलोय. उजवा कोपरा पाण्याने फुगलाय आणि अंगावर बारीक चिरा पडल्यात. बऱ्याच दिवसांत कुणी खडू लावलेला नाही.

शाळा मी कधी पाहिली नाही. माझा जन्म एका खोक्याचा. सुदामच्या कंपनीत एक अगडबंब मशीन आलं, ते ज्या लाकडी खोक्यातून आलं त्याची मी एक बाजू. खोकं भंगारात जाणार होतं. सुदाम तिथे ऑपरेटर. त्याने सुपरवायझरला विचारलं आणि मला खांद्यावर टाकून घरी आणलं. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्याच्या ओळखीचा सुतार होता, त्याच्याकडून चौकट ठोकून घेतली, आणि एका रविवारी दारात बसून मला काळा रंग दिला, दोन हात.

"कपाटाला दार नाही आपल्या," रखमा म्हणाली, "आणि तुम्ही फळा कसला रंगवताय?"

"कपाटातलं कोण बघतं? हे सगळी गल्ली बघणार," सुदाम म्हणाला. रखमा त्याची बायको. तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

माझ्या डोक्यावर पिवळ्या रंगात त्याने लिहिलं: समरवीर मित्रमंडळ. त्याखाली एक शब्द: आगामी. बाकी सगळी जागा खडूसाठी.

समरवीर म्हणजे पिक्चरमधला हिरो. सुदाम आणि तो एकाच वर्षी जन्मलेले. सुदाम कंपनीत हेल्पर म्हणून लागला त्या साली त्याचा पहिला पिक्चर आला, आणि तेव्हापासून सुदामने त्याची पाठ सोडली नाही. समरवीरला कधी भेटायचं, फोटो काढायचा, असला हट्ट त्याला नव्हता. त्याला फक्त पुढचा पिक्चर कुठला, त्यात काम काय आणि तारीख कुठली, एवढं लागायचं. झालेल्या पिक्चरचं कौतुक दोन दिवस. मग पुन्हा माझ्यासमोर उभा राहून, "आता पुढं काय?"

रोज सकाळी पहिल्या पाळीला जायच्या आधी तो लिहायचा. अक्षर असं की पाळीची माणसं रिक्षा थांबवून वाचायची. पण बातमी लिहायची त्याची एक रीत होती. फोनवर आली, कुणी सांगितली, म्हणून तो खडू उचलत नसे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आली तरच लिहायचा. त्यामुळे आमची बातमी नेहमी एक दिवस शिळी. रस्त्यापलीकडे महेशचा फळा होता, दुसऱ्या हिरोचा. महेश टायरचं पंक्चर काढतो, त्याला दिवसभर फोन बघायला वेळ. त्याचा फळा सकाळीच भरलेला असायचा आणि तो आमची टिंगल करायचा. सुदाम हसून सोडून द्यायचा. मला मात्र त्या शिळेपणाचा अभिमान होता. माझ्यावर आलं म्हणजे खरं, असं लोक मानायचे. गल्लीत कुणी वारलं तरी आधी माझ्याकडे बघायचे, कारण अशी बातमी लिहायची तर सुदाम समरवीरला पूर्ण पुसून टाकायचा आणि मयताचं नाव, वेळ एवढंच ठेवायचा.

मग त्याच्या किडन्या गेल्या.

कंपनीतली नोकरी सुटली. मंगळवार, गुरुवार, शनिवार उल्हासनगरला डायलिसिस. चार चार तास दंडात जाड सुया. पाणी प्यायचं ते वाटीने. गल्लीतला आकाश त्याला आपल्या रिक्षातून न्यायचा आणि आणायचा. आकाश अठ्ठावीस वर्षांचा, मंडळातला सगळ्यात कडवा, सुदामला काका म्हणणारा. सुदामचा हात उचलेना तेव्हा लिहिणंही आकाशकडे गेलं. सुदाम माझ्याखाली खुर्ची टाकून बसायचा आणि शब्द सांगायचा.

मी भिंतीवर असल्यामुळे मला आतलं ऐकू येतं. पहिल्या सहा महिन्यांतच सुदाम रखमाला म्हणाला होता, "मला हे नको झालंय. मशीन मला चालवतं, का मी मशीनला?" रखमा बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिला फार वाचता येत नाही, पण आकडे येतात. माझ्यावर दिवाळीची तारीख होती. ती आत जाऊन म्हणाली, "दिवाळीला तुमच्या त्याचा पिक्चर आहे ना? फौजदाराचा? तेवढा बघा तरी."

"तेवढा बघतो," सुदाम म्हणाला.

त्या दिवसापासून तो तसाच जगला. फौजदाराचा पिक्चर दिवाळीत, डबल रोलचा उन्हाळ्यात, आणि तिसरा नाव न ठरलेला, पुढच्या वर्षी. "तो या वयात मारामाऱ्या करतोय, मग मला सुई टोचून घ्यायला काय झालं?" असं तो आकाशला सांगायचा आणि रिक्षात चढायचा. त्याचा जीव माझ्यावर लिहिलेल्या तीन ओळींना टांगलेला होता. हे रखमाला ठाऊक होतं, आकाशला ठाऊक होतं.

आणि दिवाळीच्या तोंडावर पिक्चर पुढे गेला. एकदम एप्रिलमध्ये. आकाशने फोनवर वाचलं, पेपरातही पाहिलं. तो ओलं फडकं घेऊन माझ्यापुढे आला, तारखेवर हात ठेवला आणि तसाच परत गेला. त्याच्याने पुसवेना. सुदामच्या घरी येणारा पेपरही त्याने वाटेतच उचलला. सहा दिवस माझ्या अंगावर खोटी तारीख राहिली. सातव्या दिवशी डायलिसिसच्या तिथल्या नर्सने सुदामला सहज सांगितलं.

तो घरी आला आणि खुर्चीतही बसला नाही. "आकाश, किती दिवस माहीत होतं तुला?"

"काका, ते… तुम्हाला टेन्शन नको म्हणून."

"मी आजारी आहे. कुक्कुलं बाळ नाही. माझी समजूत काढायला लिहिणार असशील, तर फळा उतरवून ठेव."

आकाश रडकुंडीला आला होता. त्याने तारीख बदलली. सुदामने दोन दिवस तोंड फिरवून काढले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं. एप्रिल तर एप्रिल." मला वाटलं, निभावलं. पण तेव्हापासून तो माझ्याकडे डोळे बारीक करून बघायचा. आधी असा कधी बघत नसे.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सहा वाजताच आकाश आला. डोळे लाल, हातात फोन. समरवीरला शूटिंगमध्ये अपघात झाला होता, उंचावरून पडला होता. इथपर्यंत खरं. पण फोनवर रात्रीत फिरत आलेल्या बातमीत तो गेला होता. फोटोला हारसुद्धा घातलेला होता. आकाशने रस्त्यापलीकडे बघितलं. महेशचा फळा कोरा होता. आधीच्याच आठवड्यात डबल रोलची बातमी महेशने आमच्या आधी लावली होती आणि सगळ्या नाक्यासमोर आकाशला "तुमचा हिरो, न्यूज आमची" म्हणून हिणवलं होतं. आपल्या साहेबांच्या मरणाची बातमीही त्याच्या फळ्यावर आधी लागावी, हे आकाशला सोसवेना. पेपर यायला अजून तासभर होता.

त्याने मला पूर्ण पुसलं. तिन्ही पिक्चर गेले. मग हुंदके देत देत लिहिलं: आमचे लाडके अभिनेते समरवीर यांना भावपूर्ण आदरांजली. चौकटीला झेंडूची माळ अडकवली.

मला लाकडाला काय कळणार? पण खरं सांगतो, माझाही विश्वास बसला. इतका रडणारा माणूस खोटं लिहील असं वाटलं नाही.

सातला सुदाम डायलिसिसला जायला बाहेर आला. एका बाजूने रखमा, एका बाजूने आकाश. रिक्षा बरोबर माझ्यासमोर उभी. काका दारातून बाहेर पडताच हे वाचणार, याचा आकाशने विचारच केला नव्हता. सुदामने वाचलं. माळेकडे बघितलं.

"खरं?"

आकाशने मान हलवली.

सुदामने रखमाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि म्हणाला, "रिक्षा घेऊन जा तू. मला झोपायचंय."

दुपारी समरवीरच्या घरच्यांनी कळवलं की तो जिवंत आहे, रुग्णालयात आहे, शुद्धीवर आहे. आकाश धावत आला, माळ तोडली, मला पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ती बातमी खोटी. साहेब सुखरूप. मग आत जाऊन ओरडला, "काका, आहेत! जिवंत आहेत साहेब! उठा, अजून मशीन मिळेल, मी फोन केलाय!"

भिंतीतून सुदामचं हसणं आलं. त्याने असं कधी हसू नये असं मला वाटलं.

"पुन्हा माझ्यासाठी लिहिलंस?"

"शप्पथ काका. हे बघा, व्हिडिओ बघा."

"जुना असेल. आजकाल मेलेल्यालाही बोलायला लावतात कॉम्प्युटरवर."

बुधवारी पेपर आला. त्यात अपघाताची बातमी होती, प्रकृती स्थिर होती आणि सगळे पिक्चर बेमुदत पुढे गेले होते. रखमाने तो त्याच्या हातात दिला. त्याने वाचून घडी घातली. "स्थिर म्हणजे मशीनवर ठेवलाय. मला शिकवू नका मशीनवरचं. मोठ्या माणसाचं लगेच सांगत नाहीत." टीव्ही लावला तर भिंतीकडे तोंड करून पडायचा. भिंतीच्या या अंगाला मी होतो. त्याचा श्वास मला लागत होता, दिवसेंदिवस जड. पाय सुजले. गुरुवारही गेला. आकाश तिन्ही त्रिकाळ येऊन पाया पडायचा. सुदाम त्याला दोष देत नव्हता, फक्त विश्वास ठेवत नव्हता.

शुक्रवारी बदलापूरहून यशोधरा आली, त्यांची मुलगी. तिने चप्पलही काढली नाही.

"पप्पा, एका हिरोसाठी? आम्ही कोण मग? मम्मी कोण तुमची?"

"तुम्ही आहातच गं." सुदाम थांबत थांबत बोलत होता. "तुमच्यासाठी रोजच जगायचंय. त्याला शेवट नाही. पिक्चरला तारीख असते. तेवढं सोसता येतं."

यशोधरा खाली बसली. म्हणाली, "मग मी तारीख देते. मे महिन्याच्या सोळाला माझ्याकडे बारसं आहे." तिला सातवा महिना होता, हे तिने तोवर कुणाला धड सांगितलं नव्हतं. रखमा रडायला लागली. मग सुदामचा आवाज आला.

"आकाशला सांग, उद्या सातला ये."

शनिवारी तो बाहेर आला तेव्हा त्याला दोघांनी उचलूनच आणलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. रिक्षा उड्डाणपुलापर्यंत पोहोचली तेव्हा त्याच्या छातीत पाणी भरलं होतं. नऊच्या आत ते परत आले. सुदाम गेला, हे मला आकाशच्या रडण्यावरून कळलं.

आकाशने खडू हातात धरायला नकार दिला. यशोधराने मला पुसलं. कोरडी, सरळ अक्षरं होती तिची. कालकथित सुदाम गणपत ओव्हाळ यांचे आज सकाळी दुःखद निधन. अंत्ययात्रा सायंकाळी पाच वाजता, राहत्या घरून.

माणसं वाचत गेली. सकाळची पाळी सुटली, दुपारची आली, रिक्षा नेहमीसारख्या थांबल्या. सुदामबरोबर वीस वीस वर्षं काम केलेली माणसं त्यांत होती. एक जण म्हणाला, "आज कोणाला मारलं रे यांनी?" दुसरा हसला. "संध्याकाळपर्यंत होतील जिवंत, थांब." कुणीतरी फोनवर माझा फोटो काढला आणि हसऱ्या चेहऱ्यासकट पुढे पाठवला.

रखमा उंबऱ्यात बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

पाच वाजले तेव्हा गल्लीतल्या बायका, यशोधराचा नवरा, एक नातेवाईक आणि आकाश एवढेच होते. ज्याच्या अक्षरासाठी रस्ता थांबायचा त्याला खांदा द्यायला माणसं पुरेनात. तेव्हा महेश पंक्चरचं काम टाकून, काळ्या हातांनीच रस्ता ओलांडून आला. यशोधरासमोर उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. हे खरंय का?"

यशोधराने मान हलवली. तो खांदा द्यायला गेला.

आता समरवीर बरा झालाय म्हणतात. महेशच्या फळ्यावर मी वाचतो, इथून दिसतं. त्याचे तिन्ही पिक्चर येणार आहेत आणि चौथ्याचंही ठरलंय. आकाश दुसऱ्या रस्त्याने रिक्षा काढतो. बारसं मे महिन्यात झालं, बदलापूरला, मी कुठे बघणार? रखमा एकटी असते. मला उतरवून घ्या, माझ्यावर पापड वाळत घाला, कपाटाला दार करा, मी आनंदाने होईन. फक्त पुन्हा खडू लावू नका.

जे त्या दिवशी पाच वाजता आले नाहीत, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी मला मंगळवारीही वाचलं होतं.